डॉक चारची सही

चिंतामणी भिडे कीर्तनाहून परतायचे ते दरवेळी नवा माणूस होऊनच. चपला काढता काढता ते बायकोला सांगायचे, "उद्यापासून पहाटे पाचला उठणार," नाहीतर, "उद्यापासून कुणाला एक शब्द वाकडा बोलणार नाही." सुनीतीबाई पोळ्यांवर झाकण ठेवत विचारायच्या, "आजचे बुवा चांगले होते वाटतं?" आणि तो नवा माणूस फार तर बुधवारपर्यंत टिकायचा. गुरुवारी पाहावं तर जुनेच चिंतामणी, उशिरा उठून, अर्धा चहा कपात टाकून, धामणकर नाक्यावर शेअर रिक्षासाठी धावताहेत.

यात त्यांची लबाडी नव्हती हो. माणूस मुळात मायाळू. बुवांनी पद उचललं की यांचे डोळे पाणावायचे. कथेतला कुणी संकटात सापडला की हे बसल्या जागी मांडी घासत पुढे सरकायचे. ऐकलेलं आतपर्यंत जायचं, त्याबद्दल शंका नको. आत गेल्यावर ते कुठे जिरायचं, हे मात्र त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं, आणि पंचावन्नाव्या वर्षी त्याची त्यांना चीड यायला लागली होती.

या वर्षी हनुमान जयंतीच्या सप्ताहाला तर ते गेले ते छातीवर धोंडा घेऊनच.

झालं होतं असं. राहनाळच्या एका मोठ्या गोडाऊनात चिंतामणी डिस्पॅचचे सुपरवायझर होते. पंखे, मिक्सर, कूलर, गीझर असला माल तिथून राज्यभर जायचा. दिवसाला वीस-बावीस ट्रक. ट्रक पाठ करून डॉकला, म्हणजे माल चढवायच्या ओट्याला टेकतो, तेव्हा आतल्या माणसाला नुसता उघडा हौदा दिसतो. गाडी कुठली, नंबर काय, काही दिसत नाही. म्हणून नियम असा, की सुपरवायझरने बाहेर जाऊन गाडीला वळसा घालायचा, नंबर वाचायचा, तो डॉकवर लावलेल्या लोडिंग शीटशी ताडायचा आणि मगच शीटवर सही करायची. ती सही दिसली की फोर्कलिफ्टवाला माल उचलतो.

नियम भिंतीवर होता. खाली वेगळीच वहिवाट होती. सकाळी आल्या आल्या चिंतामणी टेबलाशी बसायचे, कोऱ्या शीटांचा गठ्ठा पुढे ओढायचे आणि एकेका शीटवर सही करताना एकेक नाम घ्यायचे. पंचवीस सह्या, पंचवीस नामं. हात कामात, मुख देवाकडे! बारा वर्षांत हा नेम चुकला नव्हता. त्यांच्या साऱ्या संकल्पांतून टिकलेला एवढा एकच, आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता. मग कॉम्प्युटरवर बसणारी मेघाली दिवसभर त्या सही केलेल्या शीटांवर गाडीचा नंबर नि माल भरून ती डॉकवर लटकवत राहायची. गाड्या भराभर सुटायच्या. सगळे खूश.

तीन एप्रिलला नाशिकची गाडी चार नंबरच्या डॉकला लागायची ती पाचला लागली, आणि कोल्हापूरची पाचला लागायची ती चारला. बाहेर जाऊन कुणी नंबर वाचला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. सह्या तर सकाळीच झालेल्या. नाशिकच्या दुकानदाराने कूलरची वाट पाहत ट्रक उघडला, आणि आत गीझर. ऐन उन्हाळ्यात, एकावर एक, छतापर्यंत गीझर.

मालाच्या कंपनीकडून कडक मेल आला. गोडाऊनचा मॅनेजर भाविक, पस्तिशीचा, चटपटीत, भिंतीवर 'जबाबदारी घ्या, लीडर व्हा' असली पोस्टरं लावण्याची हौस असलेला. त्याने तासाभरात चौकशी आटपली. शीटवर सुपरवायझरची सही आहे, म्हणजे गाडी तपासलेली होती. गाडी तपासलेली होती, म्हणजे ती शीटप्रमाणे योग्य डॉकलाच लागलेली होती. मग चुकलं कोण? फोर्कलिफ्टवाला. त्यानेच माल भलत्या डॉकवर नेला.

विचारायला म्हणून त्याने चिंतामणींना विचारलंही होतं. "काका, तुम्ही गाडी बघितली होती ना?"

"बघितली असणार," चिंतामणींच्या तोंडून निघून गेलं.

"असणार काय, तुम्ही बघितलीच असणार. तुमची सही म्हणजे देवाची सही." आणि भाविकने तसं लिहून टाकलं.

फोर्कलिफ्टवर होता लतीफ. निजामपुऱ्यातला, बेचाळिशीचा. घरचे लूम बंद झाल्यावर त्याने ही गाडी शिकून घेतली, परीक्षा देऊन ऑपरेटरचं कार्ड मिळवलं. नऊ वर्षांत एक खोका पाडला नव्हता. त्याला गाडीवरून उतरवून हातट्रॉली ओढायला लावलं. तीस एप्रिलला त्याचं कार्ड रद्द व्हायचं ठरलं. कार्ड गेलं की राहनाळच काय, आसपासच्या कुठल्याच गोडाऊनात फोर्कलिफ्टला हात लावायला मिळणार नाही.

सह्या कोऱ्या कागदावर होतात हे खाली पोराठोरांनाही माहीत होतं. लतीफला तर होतंच. तो काही बोलला नाही. फक्त त्या दिवसापासून तो चिंतामणींना सलाम करायचा बंद झाला.

हे सगळं घेऊन ते रविवारी संध्याकाळी देवळात जाऊन बसले. सप्ताहाचा पहिला दिवस. कीर्तनाला अनंतबुवा. साठी ओलांडलेले, सडपातळ, आवाज असा की माईक नसता तरी चाललं असतं. पूर्वरंग झाला, नाम झालं, देऊळ टाळ्यांनी भरून गेलं, आणि बुवांनी उत्तररंगाला कथा लावली. एका राजाचा नगारची. त्याने एकदा चुकून भलत्या घटकेला नगारा वाजवला, वेशी बंद झाल्या, बाहेरचे बाहेर राहिले. राजाने पकडलं पहारेकऱ्याला. फटके मारायला उभा केला. तेवढ्यात नगारची भरसभेत पुढे आला, पागोटं उतरवून म्हणाला, "महाराज, चूक माझी." आणि राजा! बुवा दोन पावलं पुढे आले, उपरणं सावरलं, झांजा थांबल्या. राजा सिंहासनावरून उतरला आणि त्याने नगारचीला छातीशी धरलं.

देवळात कुणाचे डोळे कोरडे राहिले नाहीत. चिंतामणींना हुंदकाच आला. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "पाणी आणू का?"

घरी आल्यावर चपला काढायच्या आधीच ते म्हणाले, "उद्या सकाळी सगळ्यांसमोर सांगणार. सही खोटी होती म्हणून सांगणार."

सुनीतीबाईंना प्रकरण माहीत होतं. या वेळी त्यांनी बुवांबद्दल विचारलं नाही. "सांगा," एवढंच म्हणाल्या.

गोडाऊनात रोज सकाळी आठला गोल करून पाच मिनिटांची उभी मीटिंग व्हायची. शेवटी 'आजचा विचार' असायचा आणि तो भाविकने कौतुकाने चिंतामणींकडे सोपवलेला. सोमवारी ते गोलात उभे राहिले. समोर रामू मुकादम आणि त्याचे हमाल, मेघाली, भाविक, आणि कडेला हातट्रॉलीच्या दांड्याला टेकून लतीफ. चिंतामणींनी घसा साफ केला. एकदम चूक कबूल करायची म्हणजे कसंतरी वाटलं. आधी जरा पार्श्वभूमी हवी, म्हणून त्यांनी नगारचीची गोष्ट सुरू केली.

आणि तिथेच ते फसले. गोष्ट रंगली. नगारा म्हणून त्यांनी पत्र्याच्या कपाटावर थाप मारली, हमाल हसले. पहारेकऱ्याला बांधून आणला तेव्हा सगळे गप्प झाले. स्वतः चिंतामणींचाच आवाज भरून आला. राजा खाली उतरला तेव्हा रामूने टाळी वाजवली आणि पाठोपाठ सगळ्यांनी.

"क्या बात, काका!" भाविकने घड्याळ पाहिलं. "बारा मिनिटं झाली. चला चला, तीन गाड्या लागल्यात."

गोल मोडला. चिंतामणी हात अर्धवट वर करून उभे. मुख्य वाक्य राहूनच गेलं होतं. लतीफ ट्रॉली वळवून त्यांच्या बाजूने गेला आणि जाता जाता, त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "मस्त सांगता, काका. त्या पहारेकऱ्याचं नशीब."

त्या दिवशी चिंतामणींनी डबा उघडला नाही.

मंगळवारी ते गोलाच्या वाटेला गेले नाहीत. सरळ भाविकच्या केबिनमध्ये शिरले, दार लावलं आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "तीन तारखेची डॉक चारची गाडी मी पाहिली नव्हती. पाचचीही नव्हती. मी कुठलीच गाडी पाहत नाही. सकाळी कोऱ्या शीटांवर सह्या करतो. लतीफची काही चूक नाही."

त्यांना वाटलं, आता काहीतरी होणार. भाविक चिडेल, ओरडेल, नाहीतर उठून हात हातात घेईल.

भाविकने फोन उलटा ठेवला. "काका, बसा. पाणी घ्या."

"मला पाणी नको."

"सह्या आधी होतात हे मला माहीत नाही असं वाटतं तुम्हाला? मी गाढव आहे?"

चिंतामणी खुर्चीवर टेकले.

"पण आता हेड ऑफिसला मेल गेला. ऑपरेटरची चूक म्हणून गेला. आता मी तुमचं नाव घातलं तर ते म्हणणार, सुपरवायझरच्या सह्याच खोट्या, मागचं सगळं काढा. ऑडिट लागेल. तुम्ही, मी, सगळे गोत्यात. तीन वर्षं राहिली ना तुमची? आरामात काढा."

"आणि लतीफ?"

"बघू त्याचं. मी बघतो."

"कधी?"

"काका, बघू म्हटलं ना."

राजा सिंहासनावरून उतरला नव्हता. त्याने नुसती खुर्ची फिरवून कॉम्प्युटरकडे तोंड केलं होतं.

बुधवारी चिंतामणींनी ठरवलं, निदान खोट्या सह्या तरी बंद. गठ्ठा कोराच राहू दिला. पहिला ट्रक लागल्यावर बाहेर गेले, वळसा घातला, नंबर वाचला, आत आले, सही केली. दुसरा. तिसरा. दहा वाजता डांबर तापलं. अकरा वाजता पाच गाड्या एकदम लागल्या आणि डॉकवर बोंब सुरू झाली. "काका, सात नंबर!" "काका, ड्रायव्हर गाली दे रहा है!" एका ड्रायव्हरने तर खिडकीतून डोकं काढून विचारलं, "चाचा, गाडी खरीदनी है क्या? कितनी बार देखोगे?" रामूचे हमाल सावलीत बसून तंबाखू मळत राहिले. गाड्या कमी सुटल्या तर त्यांचाही दिवस लांबतो, म्हणून रामूच्या कपाळाला आठ्या.

तीन वाजता मेघाली चार शीटं घेऊन आली. "काका, ही एवढी करून टाका ना. सगळे मला बोलताहेत."

चिंतामणींच्या पिंढऱ्या दुखत होत्या. शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांनी पेन उघडलं आणि चारही कोऱ्या शीटांवर सह्या ठोकल्या. ठोकल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की जिभेवर नामही आपसूक आलं होतं. चार सह्या, चार नामं. त्यांना स्वतःच्या हाताची किळस आली.

घरी गेल्यावर ते देवळात गेले नाहीत. सुनीतीबाईंनी विचारलं, तेव्हा भडकले. "काय करू जाऊन? ऐकतो, रडतो, येतो. आज पुन्हा चार कोऱ्या सह्या केल्या मी. एक दिवस पुरा धड निघाला नाही माझा!"

सुनीतीबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "एक सांगू? रागावू नका. तुम्हाला कीर्तन ऐकलं की कळवळा येतो. आणि कळवळा आला की तुम्हाला वाटतं, काम झालं."

ते रागावले. चांगले तासभर रागावून गॅलरीत बसले. मग त्यांना वाटलं, हे बुवांनाच विचारावं.

गुरुवारी कीर्तनाच्या तासभर आधी ते देवळामागच्या खोलीत गेले. अनंतबुवा सतरंजीवर बसून कोमट पाणी पीत होते. शेजारी पेटीवाला एकच पट्टी दाबून धरून होता आणि बुवा मधूनमधून तोच एक सूर लावून बघत होते. लागला नाही की पाणी, पुन्हा तोच सूर. चिंतामणींनी नमस्कार केला आणि सगळं सांगून टाकलं. गीझर, सही, लतीफ, केबिन. शेवटी जरा तक्रारीच्याच सुरात म्हणाले, "बुवा, तुमच्या गोष्टीतला राजा खाली उतरला. आमचा नाही उतरला."

बुवा हसले. "अहो, माझा राजा तो. मीच बसवला, मीच उतरवला. मला त्याला काय कष्ट?"

"मग आम्ही ऐकायचं कशाला?"

"चांगलं विचारलंत." बुवांनी भांडं खाली ठेवलं. "नगारचीने दुसऱ्या दिवशी काय केलं, ते मी सांगितलं का?"

"नाही."

"कारण आख्यानात दुसरा दिवस नसतो. मला आठला आरती घ्यायची असते. दुसऱ्या दिवशीही पहाटे उठून, घटिका बघून, नगारा त्याच माणसाला वाजवायचा होता. ते सांगायला बसलो तर मंडळी उठून जातील." ते थांबले. मग हळूच म्हणाले, "हा सूर बघता ना? चाळीस वर्षं रोज लावतोय. काल लागला होता. आज परत लावायचाय. देव कालच्या सुरावर आज भागवून घेत नाही. तुम्ही एकदा सांगितलंत, चांगलं केलंत. उद्या काय सांगणार?"

 त्या संध्याकाळी ते मागे, खांबापाशी बसले. बुवा काय म्हणताहेत याकडे त्यांचं अर्धंच लक्ष होतं.

शुक्रवारी आठच्या गोलात भाविक म्हणाला, "काका, विचार. आज छोटासा हं."

चिंतामणींनी गोष्ट सांगितली नाही. खिशातून चिठ्ठी काढली आणि वाचली. "तीन एप्रिलच्या डॉक चार आणि पाचच्या गाड्या मी पाहिल्या नव्हत्या. सही माझी, चूक माझी. लतीफने शीटप्रमाणे माल चढवला."

कुणी टाळी वाजवली नाही. पत्र्यावर कावळा चालल्याचा आवाज ऐकू आला. भाविकचा चेहरा उतरला, मग त्याने हसून वेळ मारून नेली. "काकांचं मन मोठं आहे. चला, गाड्या."

शनिवारी त्यांनी तीच चिठ्ठी वाचली. सोमवारी भाविकने विचार मेघालीला सांगायला लावला, तर तिचा झाल्यावर चिंतामणींनी हात वर केला आणि वाचली. मंगळवारी रामूने शेजारच्याला कोपर मारून म्हटलं, "काका की आरती शुरू," आणि हमाल फिदीफिदी हसले. चिंतामणींचे कान तापले, तरी वाचली. गुरुवारी भाविक भडकलाच. "काका, हो गया ना! किती वेळा? तुम्ही मला इथे सगळ्यांसमोर खोटं पाडताय."

"तुम्हाला नाही. स्वतःला."

"एकच झालं!"

दिवसभर गाड्यांना वळसे चालूच होते. कोरी सही त्यांनी पुन्हा केली नाही असं म्हणता येणार नाही. पंधरा तारखेला दोन झाल्या, अठराला एक. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशीच्या चिठ्ठीत त्यांनी तेही घातलं. "काल आठ नंबरची गाडी न पाहता सही केली." हे ऐकून मात्र हमाल हसले नाहीत. रामू आपल्या माणसांना म्हणाला, "बुड्ढा पागल हो गया है," पण आवाजात पूर्वीसारखी गंमत नव्हती. दुसऱ्या दिवसापासून त्याचाच एक माणूस गाडी लागली की बाहेरून ओरडून नंबर सांगायला लागला. चिंतामणींनी तो ऐकला, तरी जाऊन पाहिलाच.

आणि लतीफ? त्याला तरी बरं वाटत असेल, असा चिंतामणींचा समज होता. एकवीस तारखेला जेवणाच्या सुट्टीत तो त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. ट्रॉली ओढून ओढून त्याच्या तळव्यांना फोड आले होते, त्यांवर फडकं गुंडाळलेलं.

"काका, ते वाचायचं बंद करा."

"का रे?"

"रोज माझं नाव घेता. लोक बघतात माझ्याकडं. तुमी वाचता, तुमचं मन हलकं होतं, तुमी खुर्चीवर जाऊन बसता. मी हितंच हाय ना ट्रॉलीवर?"

"मी भाविकला सांगितलं, लतीफ. दोनदा सांगितलं."

"भाविकला! त्याला काय सांगता, त्याला म्हायती हाय. नऊ दिवस राहिले. घरवाली खदीजा विचारते, तुझे काका काय म्हणाले आज? मी काय सांगू? काकांनी कागद वाचला?" त्याने फडकं सोडून पुन्हा गुंडाळलं. "चिठ्ठी ज्यांनी वाचायची त्यांना न्हाय दिली तुमी. आमाला वाचून दाखवता. आमी काय करणार हाव?"

तो गेला. चिंतामणी डब्यातल्या भेंडीकडे बघत राहिले. खरं होतं. चिठ्ठी वाचायला आता भीती वाटत नव्हती, आणि भीती वाटत नव्हती म्हणूनच ती रोज जमत होती. ज्याची भीती वाटत होती ते त्यांनी दोन आठवडे शेजारीच ठेवलं होतं. हेड ऑफिस. ऑडिट. राहिलेली तीन वर्षं.

त्यांनी त्या दिवशी डबा संपवला आणि जुन्या शीटांच्या फायली काढल्या. चार दिवस, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, ते एप्रिलची आणि मार्चची शीटं घेऊन बसले. कुठली गाडी आपण पाहिली नव्हती? जवळजवळ सगळ्याच. एकेका नंबरापुढे ते लिहीत गेले, 'न पाहता सही'. बारीक अक्षरात दहा पानं झाली. शुक्रवारी, पंचवीस तारखेला, त्यांनी मेघालीच्या टेबलाशी खुर्ची ओढली.

"मेल टाइप करून दे. हेड ऑफिसला. भाविकलाही त्यात ठेव, चोरून काही नको."

मेघालीने पानं चाळली. तिचा रंगच उडाला. "काका, हे गेलं तर तुमचं..."

"टाइप कर गं बाई. मी सांगतो. आणि शेवटी लिही, तीस तारखेला ऑपरेटरचं कार्ड रद्द करू नये, कारण त्याच्यावरचा एकमेव पुरावा माझी सही आहे, आणि ती खोटी आहे."

"खोटी शब्द घालू?"

"दुसरा कुठला आहे तुझ्याकडे?"

मेघालीने बटण दाबलं. छाती भरून यावी, डोळे पाणावावेत, असं काहीच झालं नाही.  मेघाली म्हणाली, "गेलं." आणि बाहेरून कुणीतरी ओरडलं, "काका, सहा नंबर!" म्हणून ते उठून गेले.

भाविक तीन दिवस त्यांच्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी हेड ऑफिसातून दोन माणसं आली. दिवसभर बसली, फायली उलटसुलट केल्या, चिंतामणींना पाच वेळा तेच तेच विचारलं. एकाने शांतपणे विचारलं, "बारा वर्षं सह्या अशाच करत होतात?" चिंतामणी म्हणाले, "हो." दुसरं काही म्हणण्यासारखं नव्हतंच. लतीफला बोलावलं, रामूला बोलावलं. रामूने कपाळावर आठ्या घालूनच सांगितलं, "लतीफभाई की गलती नहीं है साहब. अंदर से नंबर प्लेट दिखती नहीं. आप खुद खड़े होके देख लो." साहेब खरंच डॉकवर जाऊन उभे राहिले. त्यांना प्लेट दिसली नाही.

तीस तारखेला निकाल आला. लतीफचं कार्ड कायम. चिंतामणींना सुपरवायझर पदावरून काढलं. राहिलेली नोकरी डॉक चेकर म्हणून करायची, म्हणजे दिवसभर बाहेर उन्हात फिरून गाड्यांचे नंबर वाचायचे आणि शीटांवर सह्या करायच्या. भाविकला मेमो. तो मेमो त्याने टेबलावर आपटला आणि पोस्टरखाली उभा राहून म्हणाला, "मिळालं समाधान, काका?"

"नाही," चिंतामणी म्हणाले. खरंच मिळालं नव्हतं. जायचा होता तो मान गेला होता आणि कुणी छातीशी धरलं नव्हतं. घरी सुनीतीबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी ताट वाढलं. मग म्हणाल्या, "डोक्याला टोपी घेऊन जात जा उद्यापासून."

दोन मेला लतीफ फोर्कलिफ्टवर चढला. तळव्यांचे फोड अजून सुकले नव्हते, म्हणून स्टीअरिंग धरताना त्याचा चेहरा जरा वेडावाकडा झाला. चिंतामणी डॉक दोनपाशी टोपी घालून उभे होते. काहीतरी बोलावं म्हणून ते दोन पावलं पुढे गेले.

"लतीफ, मला सांगायचं होतं..."

लतीफने हॉर्न दाबला. मोठ्याने नाही, पण दाबला. "काका, दोन नंबरची गाडी बघितली?"

"नाही अजून."

"मग बोलता काय? शीटवर सही न्हाय, मी माल उचलणार न्हाय."

मागून दोन ट्रक एकदम किंचाळायला लागले. रामू सावलीतून ओरडला, "अरे जल्दी करो काका!" चिंतामणींना चिडून काहीतरी तोंडावर आलं. ते त्यांनी गिळलं, पायऱ्या उतरले, आणि गाडीला वळसा घालायला लागले. ऊन चांगलंच वर आलं होतं. प्लेटवर चिखल वाळलेला होता. त्यांनी रुमालाने तो पुसला, शीट डोळ्यांजवळ धरलं, आणि एकेक आकडा बोटाने दाबून वाचायला घेतला.